दिव्याशेजारची गादी

“आधी हात ठेव, बाय. मग पाठ टेक.”

आय रोज संध्याकाळी हे सांगायची. आमच्या मागच्या पायरीपासूनच रान सुरू होतं. अंथरुणात विंचू निघाला तर कुणाला त्याचं नवल नसे. लहानपणी मला मात्र तिचा राग यायचा. डोळ्यांवर झोप आलेली, आणि ही दारात उभी... “ठेवलास हात? सगळीकडनं फिरव.” मी हात फिरवायचे, मगच ती दिवा बारीक करायची.

ती सवय हाताला लागली ती लागलीच. गणेशगुडीच्या एका लॉजवर खोल्यांची देखरेख माझ्याकडे आली, तेव्हाही प्रत्येक पलंगावर मी तळवा फिरवल्याशिवाय चादर घालत नसे. श्रावण होता. काळी नदीला पाणी चढलेलं, राफ्टिंग बंद, लॉज रिकामं. वीज गेली होती. कोपऱ्यातल्या खोलीचं दार ढकलून मी आत गेले, चादरी डाव्या हातावर घेतल्या आणि सवयीनं उजवा हात गादीवर टेकवला—

हाताखाली कुणाचा तरी खांदा होता.

“देवी गं!” मी दोन पावलं मागं सरले.

“देवी न्हवं. शिवानंद,” अंधारातून आवाज आला. शांत, जरा ओशाळलेला. “ओरडू नका हां. मी गादी बघायलोय.”

“डोळे मिटून?”

“डोळे उघडे ठेवून गादी कळत न्हाई.”

तो उठून बसला. खिडकीच्या पडद्याआडून येणाऱ्या करड्या उजेडात मला एक सावळा, बारीक चणीचा माणूस दिसला. केस भिजून कपाळाला चिकटलेले. बेळगावच्या एका फोमच्या कारखान्यात तो मिश्रणाचं काम बघत होता. घर रामनगरला. लॉजच्या मालकांनी गाद्यांची तक्रार केली होती, म्हणून रविवारी घरी आल्यावर तो इकडे आला होता.

“बूट घालून निजलायसा?”

“छे हो. बूट भाईर काढलेत.”

“मग मोजे?”

त्यानं पायांकडे पाहिलं. मोज्यांतून पाणी गळत होतं. “व्हय की,” तो म्हणाला, आणि इतक्या गंभीरपणे मोजे काढू लागला, की मला चादरीत तोंड लपवावं लागलं.

खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास होता. त्यानं गादीची खोळ एका कडेनं उसवली. आतला फोम मधोमध बसला होता.

“इथं हात दाबा. आता काढा... बघा. खड्डा तसाच ऱ्हायला. यात चॉकची भुकटी जास्त घातलीय. भुकटीनं गादी जड लागते, गिऱ्हाइकाला वाटतं भरदार हाय. पण आतले बुडबुडे फुटतात. वर आणि तुमच्या हितली ओल.”

“मग काय घालायचं असतं?”

“आंबोळीचं पीठ करता न्हवं? ते फुगतं, पण जाळी सारखी पडली तर आंबोळी मऊ. एक भोक मोठं, एक बारीक झालं की फाटते. फोमचं तसंच. दोन रसायनं एकत्र आली की ते आपणहून फुगतं. त्यात सिलिकॉनचं थोडं तेल घातलं की जाळी सारखी पडते. थोडंच हां. जास्त झालं तर आतनं हवा खेळत न्हाई. आणि बुरशी धरू नये म्हणून एक औषध. सगळं मिठागत. कमी नको, जास्त नको.”

बोलताना तो त्या खड्ड्यावरून हात फिरवत होता, जसा कुणी आजारी गुरावरून फिरवतो. “चांगली गादी माणूस उठला की त्याला विसरते. ही विसरत न्हाई, तेच हिचं दुखणं.”

“विसरते ती चांगली?”

“गादी हो,” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “माणसाचं बोललो न्हाई मी.”

बाहेर पागोळ्यांचा आवाज एकदम मोठा झाला. की मलाच तसं वाटलं...

मी चादरींची घडी मोडून पुन्हा घातली. मग जे कुणालाच विचारलं नव्हतं ते त्याला विचारलं. “सदा पडून असलेल्या माणसाला कसली गादी लागते?”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच गेलं. “कोण पडून हाय?”

“माझी आय.”

*

त्याआधीच्या सुगीत, भाताचा भारा उतरवताना आयच्या अंगावरनं वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ती माजघरात देवखोलीच्या दाराशी, बाबांच्या जुन्या कापसाच्या गादीवर होती. बाबा मी लहान असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. मी कामावर असताना शेजारची फुलाकाकू येऊन बसायची. आयच्या कमरेखाली कातडी लाल झाली होती. नर्सबाई म्हणाल्या होत्या, ही फुटली तर मग अवघड आहे.

आय पडली त्याच संध्याकाळी मी देवीपुढं दिवा लावला आणि नवस बोलले. आय उठून बसेपर्यंत हा दिवा विझू देणार नाही. मी भुईवर निजेन. आणि तोवर माझ्या स्वतःच्या संसाराचा शब्द कुणाला देणार नाही.

लॉजवरच्या त्या भेटीनंतर, पुढच्या रविवारी शिवानंद मोटारसायकलवरून आमच्या अंगणात उतरला. फुलाकाकू आयचे पाय चेपत होती. तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं.

“ह्यो कोण गं, सुनयना?”

“गाद्यावाले, काकू.”

“गाद्यावाला रिकाम्या हातानं येतोय व्हय? माप आयचं घ्यायला आलाय का तुजं?”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिवानंद मात्र शांतपणे आयजवळ मांडी घालून बसला. “मावशे, पाठ कुठं दुखती?”

आयची जीभ जड झाली होती, शब्द अर्धे यायचे. तो घाई न करता ऐकत राहिला. तिच्या खांद्याखाली, कमरेखाली, टाचेखाली त्यानं हात घालून पाहिला. मग मला म्हणाला, “वर मऊ थर पायजे, हळूच दबणारा, म्हणजे सगळा भार एका हाडावर येणार न्हाई. खाली घट्ट. पण एक सांगतो, गादी निम्मंच काम करती. कूस बदलणं तुमच्या हातात.”

“ते मी करते.”

“ठाऊक हाय. म्हणून तर निम्मंच सांगितलं.”

आयच्या उशाशी, देवीच्या लाकडी फळीवर, तोच दिवा तेवत होता. शिवानंद जाताना बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिला. देवभक्त असावा, असं मला वाटलं. मग कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या चटईकडे त्याची नजर गेली.

“आणि तुमी कशावर निजता?”

“त्या चटईवर. नेम आहे माझा.”

“कुठवर?”

“आय उठून बसेपर्यंत.”

तो उठून बाहेर आला. अंगणात मी त्याला म्हणाले, “गादी फुकट नको हां आम्हाला.”

“फुकट कोण देतंय? एक काम करायचं. मावशी उठून बसल्या, तुमचा नेम फिटला, की एकदा त्या गादीवर निजून बघायचं. आणि मला येऊन सांगायचं, कशी हाय. लॉजवरचे पाहुणे कोण खरं सांगत न्हाईत. तुमी सांगाल.”

“सांगेन,” मी म्हणाले.

“शब्द?”

“शब्द.”

किती सोपा वाटला होता तो शब्द देताना...

*

गादी आली. आयला तिच्यावर घेतलं तेव्हा तिनं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. कित्येक महिन्यांत मी तसा श्वास ऐकला नव्हता. हळूहळू कमरेची लाली फिकट झाली. नर्सबाईंनी दोनदा बोट दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

शिवानंद रविवारचा येऊ लागला. गादी तपासायला, असं तो म्हणायचा. फुलाकाकू म्हणायची, “एवढी तपासणी तर गाभण म्हशीची बी करत न्हाईत रे!” तो हसायचा, गादीचा कोपरा दाबायचा, ओल धरली का ते हुंगायचा. मग आम्ही पायरीवर बसायचो. मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा असायची. फार बोलायचो असंही नाही. तो कारखान्यातलं सांगे, फोमचा मोठा ठोकळा फुगताना कसा गरम होतो, रात्रभर त्याला कुणी हात लावत नाही, निवू द्यावा लागतो. “घाईनं कापला की आतनं जळतो,” तो एकदा म्हणाला, माझ्याकडे न बघता. “मला घाई न्हाई.”

मी सोमवारची एकवेळ जेवते हे त्याला कळलं होतं. रविवारी परतताना तो पायरीवर केळी ठेवून जायचा. कधी त्याबद्दल बोलला नाही. मीही नाही.

मार्गशीर्षातली एक तिन्हीसांज. मी गोठ्यात होते. आतून आयचा आवाज आला. शब्द नव्हे, नुसता ओरडा. मी धावले. फळीवरचा दिवा कलंडला होता, आणि एक उंदीर भिंतीकडेनं पळत होता. त्यानं तेलाची जळती वात पळवली होती, ती आयच्या खांद्याजवळ, गादीवर पडली होती.

मला कापसाची गादी ठाऊक होती. ठिणगी पडली की आत आत धुमसत जाते, वर दिसेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आयला हलता येत नाही... माझे पाय जागीच गोठले. ते दोन-चार श्वास मी कसे घेतले, देवीला ठाऊक.

आणि वात विझली.

म्हणजे वात पूर्ण जळली, पण गादी पेटली नाही. खोळीला एक काळी कड पडली, खालचा फोम बोटाच्या पेराएवढा वितळला, आक्रसला आणि गप्प झाला. ना ज्वाळ, ना धुमसणं. मी त्या भोकावर तळवा ठेवला. कोमट होतं. नंतर कितीतरी वेळ आयचं डोकं छातीशी धरून बसले. मग उठून दिवा पुन्हा लावला.

रविवारी शिवानंदानं ते भोक पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. “मावशीला लागलं?”

“न्हाई.” मी त्याच्यासमोर उभी राहिले. “काय घातलंय तुम्ही यात?”

“आग न धरणारं एक औषध असतंय.”

“सगळ्या गाद्यांत घालता?”

“न्हाई... त्यानं मऊपणा थोडा कमी होतो. मग वरचा थर पुन्हा जुळवावा लागतो. दोन ठोकळे वाया गेले माझे.” तो खाली बघत राहिला. “पयल्या दिवशी मी तुमचा दिवा बघितला. उशाशीच.”

“मला सांगायचं की. दिवा हलवा म्हणून.”

“हलवला असता?”

मी दिव्याकडे पाहिलं. “न्हाई.”

“म्हणून गादी बदलली.”

मी वळून देवखोलीत गेले. डोळे पुसायचे होते. माझा नेम कुणी हसण्यावारी नेला होता, कुणी वेडेपणा म्हटला होता, कुणी कौतुक केलं होतं. पण माझा नेम आहे तसा धरून, त्याच्याभोवती कुणी आपलं काम बेतलं नव्हतं.

पायरीवर आलो तेव्हा अंधारू लागलं होतं. मधली ती एका माणसाची जागा तशीच होती. तो म्हणाला, “सुनयना...” नुसतं नाव. पहिल्यांदाच. “घरात माझ्या लग्नाचं काढलंय. मी थांबा म्हटलंय. किती बी थांबीन. पण कुणासाठी थांबलोय ते तरी मनाशी धरू काय?”

माझ्या ओठांवर ‘व्हय’ आलं होतं. आत दिवा होता.

“आय उठून बसेपर्यंत मी कुणाला शब्द देऊ शकत न्हाई,” मी म्हणाले. “आणि खोटी आशा लावून तुम्हाला थांबवू? आय कदाचित कधीच...”

वाक्य संपवता आलं नाही. तो उठला. मोटारसायकल चालू करताना एवढंच बोलला, “एक शब्द मला आधीच दिलाय तुमी. तेवढा असू दे.”

आत गेले, तर आय टक्क जागी होती. दाराच्या फटीकडं बघत.

*

नंतरच्या आठवड्यात आयनं एक नवीन हट्ट धरला. तिनं फुलाकाकूकरवी शिवानंदाला फोन लावला आणि माझ्या नकळत एक तुकडा मागवला. छपराच्या उतरत्या पाखीसारखा कापलेला, पाठीमागे लावायचा फोम. तो बसच्या ड्रायव्हरकडून आला. मी कामावर गेले की त्या दोघी दारं लोटून काय करतात, मला कळत नसे. घरी यावं तर आय घामाघूम. फुलाकाकू म्हणायची, “उकडतंय गं.” माघात!

एका संध्याकाळी मी दिव्यात तेल घालायला वाकले, तर आय म्हणाली, “थांब.”

फुलाकाकूनं हात दिला नाही. नुसती उभी राहिली. आयनं उजवा तळवा गादीवर रोवला. कोपर थरथरत होतं, मानेच्या शिरा तटतटल्या. ती एका अंगावर कलली, पुन्हा पडली, पुन्हा हात रोवला... आणि हळूहळू, घाट चढावा तशी, वर आली. मागं तो उतरता फोम होता. तिनं त्याला पाठ लावली.

“बग,” ती धापा टाकत म्हणाली. एक एक शब्द वेगळा. “आदी... हात ठेवला. मग पाठ... टेकली.”

मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. तिनं माझ्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि स्वतः दिव्यात तेल घातलं. थोडं सांडलं.

“देवी बगतीया,” आय म्हणाली. “मी बसले. तुजं फिटलं.”

“रोज बसशील ना गं?”

ती हसली. अर्धेच ओठ हसायचे तिचे. “तू आता... भुईवर निजू नको.”

त्या रात्रीही मी चटईवरच निजले. सवयीनं, आणि थोडं भीतीनं. रविवारी शिवानंद येईल तेव्हा आय बसलेली दाखवू, असं मनात ठरवलं होतं. पण शुक्रवारी तिला ताप भरला. छाती भरून आली. रामनगरच्या डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. रविवार उजाडायच्या आत आय गेली.

तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. न्हाऊ घालणाऱ्या बायकांनी ते एकमेकींना हळूच दाखवलं.

शिवानंद आला. त्यानं खांदा दिला. नदीवरून परतल्यावर अंगणात, लांब उभा राहिला. मी दारात होते. निघताना फक्त हात जोडले.

*

आयचे दिवस वार झाल्यावर फुलाकाकू म्हणाली, “गादी नदीला न्यायची राहिली गं. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत न्हाईत.”

“उद्या,” मी म्हणाले. ते ‘उद्या’ मी पुष्कळदा म्हणाले.

माझं मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. टेकून बसणं म्हणजे बसणं का? एकदाच बसणं म्हणजे उठणं का? देवीला फसवून मी सुख घ्यायला निघालेय का? दिवा चालूच ठेवला होता. चटईही सोडली नव्हती. अशीच वर्षं गेली असती, मला ठाऊक आहे. नेम सोडवणारी गेली होती, आणि नेम तेवढा मागे उरला होता.

काल दुपारी मी गादीची खोळ काढली. ऊन दाखवू नका, फोम ठिसूळ होतो, असं त्यानं बजावलं होतं, म्हणून सावलीत, ओसरीवर पसरली. आणि वाकून हात फिरवला. मला आयचा खड्डा शोधायचा होता. तिचा खांदा जिथं असे तिथं, कमर जिथं असे तिथं. एवढे महिने ती तिथं होती, काहीतरी उरलं असेलच...

काही नव्हतं. गादी आली त्या दिवशीसारखी सपाट. आय उठून गेली आणि गादी तिला विसरली.

मी ओसरीवर बसून रडले. तिच्या जाण्यानंतर तशी रडले नव्हते. त्याची गादी इतकी चांगली का, याचाच राग आला. मग बोटाला ते भोक लागलं. पेराएवढं, कडा कडक झालेलं. तेवढी एकच खूण. तिथं वात पडली होती, तिथं आय वाचली होती. तिथूनच हातभर अंतरावर तिनं तळवा रोवला होता आणि दिव्यासमोर बसली होती. आपल्या हातानं तेल घातलं होतं. ज्या दिव्याला मी शब्द दिला, त्याच दिव्यासमोर तिनं तो सोडवला. ते खोटं म्हणणारी मी कोण?

आधी हात ठेवला होताच. मी पाठ टेकली.

गादीनं मला घाई न करता आत घेतलं. खाली आधार होता. डोळे मिटले. वर कौलांत पाखरांची खुडबुड चालली होती. आयचं दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा माझी पाठ कशाच्या तरी भरवशावर होती.

आज पहाटे मी न्हाले, देवीची पूजा केली. फुलाकाकू आली तेव्हा मी पातळाच्या निऱ्या सारख्या करत होते.

“काकू, गादी नदीत सोडायची न्हाई.”

“बरं.”

“आज रविवार. मी जरा रामनगरला जाऊन येते.”

ती माझ्याकडं बघत राहिली. टोमणा तयारच असेल, असं वाटलं. पण तिनं पदराला हात पुसले आणि फळीवरची तेलाची बाटली उचलली.

“इतके दिस तू एकटीनंच संभाळलास ह्यो दिवा. आज मी घालते तेल. जा. पयली गाडी चुकंल.”

सुपा धरणाच्या पाण्यावरून आलेलं धुकं रस्त्यावर उतरलं होतं. मी थांब्याकडे चालू लागले. वाटेत मनात शब्द जुळवत होते. गादी कशी आहे, ते त्याला सांगायचं होतं. ती सगळं विसरते, हे सांगायचं होतं. आणि मी विसरत नाही, हेही.